आई-बाप फडावर, लेकरू गावात: सहा महिन्यांचं जेवण, शाळा आणि दवाखाना कसा लावायचा

दसरा झाला की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज या बालाघाटाच्या पट्ट्यातल्या गावांत ऊसतोडीला जाणाऱ्यांचे ट्रक आणि ट्रॅक्टर भरायला लागतात. गंगाखेड-घनसावंगीकडेही तेच. दिवाळी सरली की वाड्या-तांड्यांवर कुलपं, म्हातारी माणसं आणि मागं ठेवलेली लेकरं उरतात. मार्च-एप्रिलमध्ये साखर कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम बंद होईपर्यंत, ही लेकरं आजी-आजोबांच्या भरवशावर असतात, किंवा सरळ आई-बापाबरोबर उसाच्या फडावर जातात आणि शाळा सुटते.

खालची मांडणी गावातलं मंडळ, बचत गट, बाहेरगावी नोकरीला गेलेले गावकरी किंवा छोटी संस्था यांच्यासाठी आहे. हिशेब ४० मुलांचा धरला आहे. आपल्या गावात ६० असतील तर दीडपट करा.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. शाळा दुपारचं जेवण देते, पुस्तकं देते, आरोग्य केंद्र औषध देतं. त्यावर पुन्हा आपला पैसा घालू नका. उघडी फट आहे ती संध्याकाळची भाकरी, रविवार, सणाची सुट्टी, रात्री चढलेला ताप आणि दवाखान्यात सही करायला मोठं माणूस नसणं, इथे. देणगीदारांना दप्तरं वाटायला आवडतं, कारण फोटो छान येतो. पण दप्तर मिळालं म्हणून कुणी लेकरू मागं ठेवत नाही. संध्याकाळच्या जेवणाची खात्री झाली की ठेवतात.

पोळ्याच्या आधी मोजणी

बहुतेक घरांत मुकादमाची (टोळी नेणाऱ्याची) उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि जोडीबरोबर कडेवरचं बाळ असेल तर त्याला सांभाळायला आठ-दहा वर्षांची बहीण जाते. हा निर्णय दसऱ्याला होत नाही, उचल घेतानाच होतो. म्हणून गाड्या भरायला लागल्यावर समजूत घालायला जाणाऱ्यांच्या हाती फारसं काही लागत नाही. पोळ्याच्या आधी घरोघर जा. सोबत अंगणवाडी सेविका आणि शाळेचे गुरुजी असू द्या, एकट्या मंडळाच्या पोरांना लोक खरं सांगत नाहीत.

वहीत प्रत्येक लेकराच्या नावापुढे इयत्ता, कोण जाणार, लेकरू कुणाजवळ थांबणार, त्या माणसाचं वय, नजर आणि चालणं कसं आहे, धाकटं भावंड आहे का, हे लिहा. आजीला डोळ्यांनी दिसत नसेल तर तिच्याकडे तीन नातवंडं ठेवणं कागदावर ठीक, प्रत्यक्षात नाही. ज्यांच्याजवळ कुणीच मोठं थांबणार नाही त्यांची यादी वेगळी करा. त्यांना रात्री शाळेच्या खोलीत झोपवायचा मोह होईल. टाळा. मुलं मुक्कामी ठेवायची म्हटलं की नोंदणी, रात्रीची राखण, मुलींची सुरक्षितता हे सगळं अंगावर येतं, आणि ते नवख्या मंडळाला पेलत नाही. अशांसाठी ऊसतोड कामगारांच्या मुलांची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत, मुलांची आणि मुलींची वेगवेगळी. जागा आहे का ते समाजकल्याण कार्यालयात वेळेत विचारा.

त्याच दिवसांत मुख्याध्यापकांना भेटा. हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. मुलं आपापल्या घरी झोपतात आणि जेवणाची सोय शाळेकडे असते. प्रस्ताव केंद्रप्रमुखांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो आणि त्याला यादी लागते. तुमची पोळ्याआधीची वही तिथेच कामाला येते. मंजुरी मिळाली तर तुमचा पैसा फक्त कमी पडेल तिथे वापरा. तरीही पहिल्या महिन्याचं धान्य आपलं आपण भरून ठेवा, कारण पैसा पोचेपर्यंत मुलांना थांबता येत नाही.

गाडी निघण्याआधीचे कागद

रेशनचा घोळ बहुतेकांच्या लक्षात येत नाही. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो. मशिनवर अंगठा त्या कार्डावर नाव असलेल्या माणसाचाच चालतो. आई-बाप फडावर गेले, आजीचं नाव तिच्या वेगळ्या कार्डावर, आणि घरात राहिलेल्या नातवाचं नाव बापाच्या कार्डावर. आजी दुकानात जाते, अंगठा लावते, मशीन तिच्या एकटीचं धान्य दाखवतं. नातवाचे ५ किलो आजीला उचलता येत नाहीत. उपाय दोन. तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज देऊन लेकराचं नाव आजीच्या कार्डावर घ्या, किंवा बापाच्या कार्डावरच्या, गावात राहणाऱ्या मुलाचं आधार बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्या. वयाच्या ५ व्या आणि १५ व्या वर्षी हे अद्ययावत करणं तसंही बंधनकारक आहे. हे काम भाद्रपदात सुरू केलं तर दिवाळीपर्यंत होतं.

दुसरा कागद संमतीपत्राचा. साध्या कागदावर आई-बापाची सही किंवा अंगठा: आमच्या गैरहजेरीत अमुक आजी किंवा मामा दवाखान्याबाबत निर्णय घेतील, तातडीचा उपचार थांबवू नये. दोन साक्षीदार. त्याखाली आई-बापाचा, मुकादमाचा आणि त्याच टोळीतल्या आणखी एका माणसाचा नंबर. फडात फोन चार्ज नसतो, एकच नंबर लिहिलात तर गरजेच्या रात्री तो बंद लागतो.

रेशनकार्ड आणि आधार यांपैकी काय बरोबर जाणार, काय मागं राहणार, ते विचारा. सगळ्यांचे फोटो काढून ठेवा आणि एक झेरॉक्स आजीजवळ. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मोठा उपचार निघाला तर हीच कागदं मागतात.

जी लेकरं जाणारच आहेत त्यांना रिकाम्या हातानं जाऊ देऊ नका. शाळेतून शिक्षण हमी कार्ड मिळवून द्या, म्हणजे फडाजवळच्या शाळेत बसता येतं आणि परत आल्यावर आपल्या वर्गात. पाच वर्षांच्या आतल्या बाळाचं आणि गरोदर बाईचं माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर गेलंच पाहिजे. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत असतो. हंगामात येणारी तारीख पेनानं गोल करून आईला दाखवा.

स्वयंपाकघर

दुपारच्या शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीला १५० आणि ३० ग्रॅम असं प्रमाण आहे. संध्याकाळचं जेवण साधारण तेवढ्याच जोराचं हवं. ४० मुलांचं एका संध्याकाळचं माप असं: ज्वारीचं पीठ साडेपाच किलो, तूर किंवा मूग डाळ १२०० ग्रॅम, भाजी ३ किलो, तेल ४०० ग्रॅम, शेंगदाण्याचा कूट ४०० ग्रॅम. साडेपाच किलोच्या ७५ ते ८० भाकरी होतात. लहानग्यांना दीड, मोठ्यांना अडीच.

आठवड्यात पाच दिवस भाकरी, दोन दिवस मूगडाळीची खिचडी धरा. खिचडीला ४ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि भाज्या. हंगाम १५० दिवसांचा धरला तर फक्त संध्याकाळच्या जेवणाला ज्वारी ६ क्विंटल, तांदूळ पावणेदोन क्विंटल, डाळ दोन क्विंटलला थोडी कमी, तेलाचे १५ किलोचे चार डबे. ज्वारी सगळी एकदम घेऊ नका. निम्मी दिवाळीआधी जुनी शाळू घ्या, निम्मी फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी आल्यावर. तेव्हा शेतकऱ्यांकडून देणगी म्हणून पायली-दोन पायल्या मिळतात, आणि रोख वर्गणीपेक्षा ते सोपं जातं.

सगळी ज्वारी एकदम दळून ठेवायची चूक हमखास होते. चार-सहा दिवसांत पिठाची विरी (चिकटपणा) जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, तव्यावर फुगत नाही, आणि मुलं कडक भाकरी ताटात टाकून उठतात. मग वहीत येतं की मुलांना भाकरी आवडत नाही, आणि भाताचे दिवस वाढतात. दोष पिठाचा असतो. तीन दिवसांपुरतंच दळा. कधी विरी गेलीच तर उकळत्या पाण्यात उकड काढून मळा, त्या दिवसापुरतं निभावतं.

एक सवयीची बाई तासाला २० ते २५ भाकरी करते. म्हणजे भाकरीला दोघी लागतात, आणि वरण-भाजी, निवडणं, भांडी यांना तिसरी. चारला चूल पेटली तर पावणेसातला पंगत बसते. इंधन म्हणून पऱ्हाटी-तुऱ्हाटी गावात मिळते, पण चूल खोलीच्या आत नको, पत्र्याच्या उघड्या शेडखाली मांडा. गॅस घ्यायचाच तर १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर, घरगुती टाकी अशा कामाला चालत नाही. स्वयंपाकीण गावात राहिलेल्या विधवा, एकल बायकांतून घ्या आणि मानधन महिन्याच्या ठरल्या तारखेला द्या. पगार रखडला की पहिली काटकसर तेलात होते.

बाई कुठल्या समाजाची यावरून कुजबुज होईल. पंगत एक, रांग एक, वाढपी एक. पहिल्या आठवड्यात यात ढिलाई केली तर नंतर दोन चुली मांडायची वेळ येते.

भाजीत करडई, मेथी, चाकवत, अंबाडी, शेवग्याचा पाला, जे बांधावर आणि बाजारात येतं ते. लोखंडी कढईत परता, वर लिंबू पिळा. जेवणानंतर चहा नको, लोह अंगी लागत नाही. आठवड्यातून दोन अंडी, न खाणाऱ्याला केळ आणि मूठभर दाणे. अंडं पाण्यात तरंगलं तर फेका. शेंगदाणा काळसर, बुरशीचा, कडू लागणारा असेल तर वेचून टाका. भाजल्यानं त्यातलं विष जात नाही.

सकाळी बरीच लेकरं चहा-बटरवर शाळेत येतात आणि दुपारच्या जेवणापर्यंत पेंगतात. त्यासाठी शेंगदाणा-गुळाचा लाडू पुरे: ४० मुलांना ८०० ग्रॅम दाणे, ६०० ग्रॅम गूळ. रविवारी आणि सुट्टीला शाळेचं जेवण नसतं, त्या दिवशी दोन्ही वेळा चूल पेटली पाहिजे. वर्षाच्या हिशेबात हे दिवस विसरले जातात आणि फेब्रुवारीत धान्य संपतं.

वाढण्याआधी अर्धा तास एका मोठ्या माणसानं जेवून पाहायचं, आणि प्रत्येक पदार्थाची वाटीभर झाकून २४ तास ठेवायची. पाटीवर रोज दोन आकडे खडूनं लिहा: आज ताटं किती, पीठ किती किलो. ३० ताटांना ६ किलो पीठ दिसलं तर ओरडू नका, विचारा. कधी घरची धाकटी भावंडं जेवून गेलेली असतात. त्यासाठी आधीच पाच-सहा ताटं जादा धरा.

पाण्याला फेब्रुवारीपासून टँकर सुरू होतो, तेव्हा पोटं बिघडतात. हजार लिटरच्या टाकीला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. ती थेट टाकीत ओतू नका, बादलीत कालवून गाळ बसू द्या आणि वरची निवळी टाका. तासाभरानं ओटी टेस्ट करा, पाणी पिवळं दिसलं तर क्लोरिन आहे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे किट असतं. उघडं राहिलेलं पुडकं महिन्याभरात निकामी होतं, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत अंधारात ठेवा. बोअरचं पाणी पीत असाल आणि मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसत असतील तर फ्लोराईड तपासून घ्या. ते उकळून जात नाही, उलट घट्ट होतं.

संध्याकाळचा अभ्यास

जेवणाआधीचा दीड तास घ्या, नंतर मुलं झोपतात. इयत्तेप्रमाणे बसवू नका. दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा प्रत्येकाला वाचायला द्या: अक्षर ओळखतो, शब्द वाचतो, वाक्य वाचतो, गोष्ट वाचतो, असे गट पाडा. सहावीचा मुलगा शब्दांच्या गटात निघाला तर त्याला लहानांत बसवून लाजवू नका, त्याचा गट दुसऱ्या कोपऱ्यात घ्या. गट दहा-बाराचा. शिकवायला गावात राहिलेली बारावी झालेली मुलगी मिळाली तर उत्तम, मानधनासह. दिवे जातात म्हणून चार्जिंगचे दोन दिवे ठेवा. पाचवी-आठवीला आता वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, त्या मुलांकडे जानेवारीपासून वेगळं लक्ष द्या. आठवीतल्या हुशार लेकरांना एनएमएमएसची परीक्षा द्यायला लावा, शिष्यवृत्ती वर्षाला १२ हजारांची आहे.

रविवारी फडावर व्हिडिओ कॉल. पाच-पाच मिनिटं, यादी लावून. हा खर्चाचा भाग नाही, पण यानंच लेकरू टिकतं.

दवाखाना

पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं वजन-उंची, आणि आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन. ५ ते ११ वर्षांना ११.५ च्या खाली आणि १२ ते १४ ला १२ च्या खाली असेल तर रक्त कमी. ८ च्या खाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, तारीख तालुक्याच्या ठिकाणी विचारून ठेवा आणि त्या दिवशी एकही लेकरू शेतात जाणार नाही हे बघा. पुढे दर महिन्याला वजन. सलग दोन महिने न वाढलेलं लेकरू दाखवा.

लोहाची गोळी शाळेत आठवड्याला एक मिळते, १० वर्षांखालच्यांना गुलाबी, मोठ्यांना निळी. रिकाम्या पोटी दिली की मळमळतं आणि पुढच्या वेळी मुलं ती खिडकीबाहेर टाकतात. जेवणानंतर, समोर उभं राहून. शौच काळी होते हे आजीला आधी सांगा, नाहीतर ती गोळी बंद करते. जंताची गोळी चावून खायची.

जुलाबात ओआरएसचा लिटरचा सबंध पुडा एक लिटर पाण्यात. पेल्याभर पाण्यात चमचाभर पावडर, ही घराघरातली चूक आहे. द्रावण जास्त घट्ट झालं तर उलट त्रास होतो. बरोबर झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी १४ दिवस, जुलाब थांबले तरी. डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, पाणीही पोटात टिकेना, तर घरी थांबायचं नाही.

तापाला पॅरासिटामॉल वजनावर: किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत. २० किलोच्या लेकराला ५०० ची अर्धी गोळी, पुन्हा सहा तासांनी. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर रक्त तपासा. बेशुद्धी, झटके, धाप, अंगावर लाल-जांभळे ठिपके दिसले तर लगेच १०८. ताप आला की सुई-सलाईन लावणाऱ्याकडे आजी आधी जाते, कारण तो जवळ असतो आणि उधार देतो. म्हणून दवाखान्यात नेण्यासाठी गाडीभाड्याची रक्कम वेगळ्या पाकिटात ठेवा, रात्री अकराला सापडेल अशा माणसाकडे.

साप-विंचू चावला तर कापणं, आवळून बांधणं, चोखणं काही नको. अवयव हलू न देता दवाखाना.

थंडीत खरूज पसरते. डॉक्टरांनी परमेथ्रिन दिलं तर ते एकट्या लेकराला लावून उपयोग नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, मानेपासून पायापर्यंत, सकाळी आंघोळ. आठवड्यानं पुन्हा एकदा. त्याच दिवशी कपडे गरम पाण्यात धुवा आणि गोधड्या प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस बांधून ठेवा. खाज नंतर दोन-तीन आठवडे राहते, म्हणून रोज लावत बसू नका.

मोठं दुखणं निघालं तर जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच आहे. अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शोधा किंवा १५५३८८ वर विचारा. आगाऊ रक्कम भरण्याआधी विचारा, नंतर नाही.

मुली

सातवीनंतर शाळा दुसऱ्या गावात असेल तर मुलीचं शिक्षण तिथेच थांबतं. एसटीचा मोफत पास आणि मानव विकासच्या निळ्या बसची वेळ, ही दोन कामं जूनमध्येच करून घ्या. सॅनिटरी पॅड स्वयंपाकिणीकडे ठेवा, गुरुजींकडे नको. नवी जोडी म्हणजे नवा कोयता, त्यावर वेगळी उचल, म्हणून लग्नाची घाई होते. हालचाल दिसली तर ग्रामसेवकांना कळवा, गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात, किंवा १०९८ ला फोन करा. फोन करणाऱ्याचं नाव गावात फुटू देऊ नका. केंद्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी करा, ओळखीचा असला तरी.

पैसा

पहिल्या हंगामाला नवी संस्था काढायच्या भानगडीत पडू नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात लोकवर्गणी म्हणून द्या किंवा ओळखीच्या नोंदणीकृत संस्थेमार्फत. नोंदणी नसताना पावतीपुस्तक छापून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. दात्याला देणगीवर प्राप्तिकराची सवलत हवी असेल तर २ हजारांच्या वरची देणगी रोख घेऊ नका. वस्तू देणाऱ्याला नेमकं सांगा: २०० ग्रॅमची बिस्किटं नको, डाळ द्या. हिशेबाचा कागद दर महिन्याला मारुतीच्या पारावर किंवा शाळेच्या भिंतीवर चिकटवा. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो दात्यांना पाठवू नका, पाटीवरच्या दोन आकड्यांचा फोटो पाठवा.

कारखान्यांचे पट्टे एका दिवशी पडत नाहीत. काही टोळ्या मार्चमध्ये येतात, काही एप्रिलच्या शेवटी. निम्मे आई-बाप परतले की ताटं कमी होतात आणि चूल बंद करायचा विषय निघतो. शेवटची टोळी उतरेपर्यंत चालू ठेवा, ताटं आठ राहिली तरी. उरलेलं धान्य त्याच आजींच्या घरी द्या, वजनाची वही आईच्या हातात द्या आणि पोळ्याआधीची नवी यादी कोण करणार ते नाव त्याच दिवशी लिहून घ्या.